उणे सतरा

३ जानेवारी १९७२
मेव्हण्याने औषध कंपनीची डायरी आणून दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात. हरकत नाही. थोर माणसांच्या रोजनिश्या पुढे छापतात तेव्हा जाहिराती काढून टाकतात. अर्थात ही फक्त माझ्यासाठी आहे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. तपकीर बंद. वर्गात १९५८ सालच्या वहीतून न शिकवणे. आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी का होईना, पदार्थविज्ञानात काहीतरी मूलभूत करून दाखवणे. नगरला बसून मूलभूत काही होत नाही असे पुण्याचे लोक समजतात. समजोत.

४ जानेवारी
पावणेआठला उठलो. थंडी फार होती. तपकीर पुढच्या सोमवारपासून. डबी भरलेली आहे, फेकणे बरे दिसत नाही.

१८ जानेवारी, दुपार
लायब्ररीत एका अमेरिकन मासिकाचा दीड वर्षापूर्वीचा अंक आज दाखल झाला. रॉकेटवर उपकरण चढवून ताऱ्यांच्या मधल्या जागेत हायड्रोजनचे रेणू शोधले आहेत. आतापर्यंत तिथे सुटे अणूच सापडत होते, आता दोन-दोनच्या जोड्या सापडल्या. चहाच्या वेळी डिपार्टमेंटला ही बातमी सांगितली. डिपार्टमेंट म्हणजे मी (हेड), एक रिकामी जागा, शिपाई कारभारी आणि डेमॉन्स्ट्रेटर मिस शरिफा शेख.
मिस शेख झेंडीगेटच्या बाबाजान घड्याळजींची मुलगी. पुण्याहून एम.एस्सी., पहिला वर्ग. मला दुसरा वर्ग होता, पण आमच्या वेळचा दुसरा म्हणजे आताचा पहिला.
तिला बातमी ऐकून गप्प बसता येईना. म्हणाली, ढग दाट असेल तर ताऱ्यांचा प्रकाश आत शिरतच नसेल, मग आतले थंडगार रेणू कोणाला दिसणार. मग स्वतःच म्हणाली, कॉस्मिक किरण मात्र आत शिरतात. ते रेणूंवर आदळले की रेणू थरथरतील आणि थरथरणारा रेणू इन्फ्रारेड प्रकाश सोडेल. तो प्रकाश मोजला तर आत किती किरण येतात हे कळेल. पृथ्वीवरून ते कळत नाही, कारण कमी ताकदीच्या किरणांना सूर्य आपल्याजवळ फिरकू देत नाही.
मी म्हणालो, चहा निवतोय.

१९ जानेवारी, पहाटे (साडेसात)
अंथरुणातच एक कल्पना सुचली. एकदम. दाट ढगात कॉस्मिक किरण शिरतात, हायड्रोजनच्या रेणूंना धडकतात, रेणू इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. तो प्रकाश मोजायचा की किरणांचा हिशोब हातात. अंगावर काटा आला. अशा कल्पना कुठून येतात कोण जाणे. काल चहाच्या वेळी या विषयावर काही किरकोळ बोलणे झाले होते, पण कोण काय म्हणाले ते आता आठवत नाही.
चांगुणाला उठवून सांगायला गेलो तर ती उठलेलीच होती. तिने विचारले की घासलेट आणणार का आज. बायको वैज्ञानिकाची आहे, हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही. लग्नाला एकोणीस वर्षे झाली.

३ फेब्रुवारी
गणिताला सुरुवात करणार होतो. डोके दुखत होते. शिवाय हे नुसते गुणाकार-भागाकार, डेमॉन्स्ट्रेटरच्या लायकीचे काम. मिस शेखला बोलावून माझी कल्पना समजावून दिली. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. कल्पना नवीन असली की माणसाचे असे होते. सरावासाठी म्हणून सगळा हिशोब करून आण, असे सांगितले. कॉलेज सुटल्यावर करायचा, कॉलेजच्या वेळेत नको.

४ फेब्रुवारी
तिला वही माझ्या खर्चाने द्यावी असे वाटले होते. पण तिच्याकडे वही निघाली.

८ मार्च
मिस शेखने वही आणली. छप्पन पाने, एकही खाडाखोड नाही. दिवसा प्रॅक्टिकल, घरी गेल्यावर बापाच्या दुकानाची कामे, यातून केले म्हणे. एवढे सावकाश काम मी केले असते तर लाज वाटली असती.
पण उत्तर चुकले आहे. तिच्या मते एका रेणूवर सेकंदाला किती किरण आदळतात, तर दहाचा उणे सतरावा घात. म्हणजे शून्य, पुढे टिंब, पुढे सोळा शून्ये आणि मग एक. इतका फिका प्रकाश कोण मोजणार? निसर्ग एवढी कंजुषी करत नसतो.
तिला बोलावून विचारले. एरवी हळू बोलते, आज स्पष्ट बोलली.
"सर, एका रेणूच्या वाट्याला तीनशे कोटी वर्षांत एकदा किरण येतो. पण ढगात रेणूच इतके आहेत की कुठे ना कुठे रोज कोणीतरी उजळतंच. म्हणून फिका का होईना, प्रकाश असणार. आपल्या हवेच्या वर दुर्बीण नेली तर कधीतरी दिसेलसुद्धा."
कधीतरी. पोरीला महत्त्वाकांक्षाच नाही.

११ मार्च
चूक सापडली. सतरावर जे उणे आहे ते नको आहे. भागायच्या जागी गुणले की उणे जाते आणि उत्तर भरघोस येते. लाल शाईने वहीत दुरुस्ती केली. एकूण चौदा ठिकाणी. हात मोकळा झाला. अंतःप्रेरणा म्हणतात ती हीच असावी.
आता प्रकाश इतका आहे की साध्या दुर्बिणीने काम भागावे.

२ मे
निबंध तयार. सोळा पाने. पहिली दोन (प्रस्तावना) सर्वस्वी माझी. ऑफिसातला क्लार्क सहादेव एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे महिना गेला. लेखक: प्रा. रंगनाथ गहिनीनाथ म्हस्के.
मिस शेखचे नाव घालावे का, यावर पंधरा मिनिटे प्रामाणिकपणे विचार केला. एकाच निबंधावर दोन नावे आली की वाचणाऱ्याचे लक्ष विचलित होते. शिवाय उद्या तिचे लग्न होईल, आडनाव बदलेल आणि संदर्भ शोधणाऱ्यांची गैरसोय होईल. विज्ञानाच्या हिताचे तेच केले.
टाइप केलेली प्रत तिने वाचली. म्हणाली, सर, ते उणे राहिलंय. मी म्हणालो, राहिलेले नाही, काढले आहे. ती म्हणाली, तसे पाठवू नका. तीनदा म्हणाली. शेवटी मला आवाज चढवावा लागला. कारभारी दारात उभा राहून ऐकत होता. त्याला खडू आणायला पाठवला.

१९ जुलै
ढग नाही, पाणी नाही. आकाश कसे स्वच्छ. संशोधनाला अनुकूल वर्ष आहे.
चांगुणा पाण्याच्या रांगेत जाते ती अडीच-तीन तासांनी येते. तिला सुचवले की रांगेत उभे असताना काही वाचत जावे. तिने हंडा खाली ठेवला आणि आत गेली.

३० ऑगस्ट
पुण्याहून पत्र. ऑक्टोबरात एका संस्थेत परिषद आहे, तिथे निबंध वाचायला वीस मिनिटे दिली आहेत. प्राचार्यांना दाखवले. ते म्हणाले, छान, रजा बिनपगारी धरू.
मिस शेखने विचारले, मी आले तर चालेल का, मागे बसेन. मी समजावले की प्रॅक्टिकलला कोणीतरी हवे. तिचा विरस झाला असेल. पण मी तिच्या भल्याचेच पाहतो. एवढ्या मोठ्या लोकांसमोर ती बावरली असती.

१४ ऑक्टोबर, पुणे
वाचला निबंध. प्रचंड प्रतिसाद. वीस मिनिटे मिळाली होती, त्यातली नऊच बोललो आणि उरलेला वेळ सभागृहच बोलत होते.
घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो. मी तो आकडा फळ्यावर लिहिला, दहाचा सतरावा घात. मागच्या रांगेतला एक दाढीवाला तरुण उठला, परवानगी न घेता फळ्याजवळ आला आणि माझ्याच खडूने गुणाकार करू लागला. तीन ओळींत संपवला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "म्हस्केसरांच्या हिशोबाने आपण सगळे केव्हाच जळून वाफ झालेलो आहोत. तेव्हा चहा लवकर घेऊ."
सभागृह हसले. बराच वेळ हसले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मीही हसलो, म्हणजे लोकांना कळावे की मी खेळीमेळीने घेतले. मग मी म्हणालो की ढग फार लांब आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही. त्यावर पुन्हा हसले. विनोद जमला.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अध्यक्ष डॉ. निसळ (हे मूळचे नगरचेच) यांनी मला बाजूला घेतले. सौम्य गृहस्थ. विचारले, बाकीची मांडणी इतकी पक्की आणि नेमका हा आकडा असा कसा? तेव्हा वैज्ञानिक प्रामाणिकपणा म्हणून मला सांगावेच लागले की आकडेमोड माझी नाही, आमच्या डेमॉन्स्ट्रेटरबाईंची आहे, चूक असेल तर ती त्यांची. पुरावा म्हणून तिची वही बरोबर आणली होती, ती हातात दिली.
त्यांनी उभ्या उभ्या वही चाळली. मग बसले. मग चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला वाटले, किती चुका आहेत ते मोजत असावेत. शेवटी एवढेच विचारले, "ही लाल शाई कोणाची?"
माझी, असे अभिमानाने सांगितले.
वही त्यांनी ठेवून घेतली. याचा अर्थ माझ्या निबंधाचा सखोल विचार होणार.

१५ ऑक्टोबर
परतीची एसटी सुप्याला तासभर थांबली, रेडिएटरला पाणी मिळेना. रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत होत्या. चहा घेतला, दूध नव्हते.
मिस शेखने विचारले, काय म्हणाले. मी सांगितले की तुझ्या आकडेमोडीत चूक निघाली आणि माझी मान खाली गेली, पण मी तुझे नाव शक्य तेवढे सांभाळून घेतले. तिचा चेहरा पांढरा पडला. वही कुठे आहे विचारले. पुण्याला, तपासायला, असे म्हणालो. ती स्टोअररूममध्ये गेली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली. चुकीची जाणीव झाली की माणूस असाच एकांत शोधतो.

२२ नोव्हेंबर
निसळांचे पत्र नाही. मोठे काम, वेळ लागणार. पोस्टमनची वाट बघण्यात सकाळ जाते, त्यामुळे पाचला उठण्याचा संकल्प तूर्त तहकूब.

१४ डिसेंबर
पत्र आले. पाकिटावर संस्थेचा शिक्का. पण नाव लिहिताना त्यांच्या टायपिस्टची गफलत झाली: मिस शरिफा शेख, पदार्थविज्ञान विभाग. विभागाचे टपाल हेडने उघडायचे असते. उघडले.
गफलत आतही चालू आहे. सगळे पत्र तिलाच लिहिलेले. हिशोब मौलिक आहे, पीएच.डी.साठी फेलोशिपची एक जागा आहे, अर्ज पंधरा जानेवारीच्या आत पाठवावा, भेटायला यावे. तळाशी एक ओळ: लाल शाईतील दुरुस्त्या आम्ही वाचताना वगळल्या आहेत.
लाल शाई फोटोकॉपीच्या यंत्रावर उठत नाही म्हणतात. त्यामुळे असेल.

१५ डिसेंबर
सारासार विचार केला. जानेवारीत एफ.वाय.ची प्रॅक्टिकल परीक्षा. ती गेली तर जागा भरायला वर्ष लागेल. शिवाय एवढ्या आनंदाच्या बातमीने तिचे कामातले लक्ष उडेल. पत्र घरी आणून कपाटात, वरच्या फळीवर अंथरलेल्या कागदाखाली नीट ठेवले. परीक्षा संपली की शांतपणे देईन. कॉलेजात ठेवले असते तर हरवले असते.

२० डिसेंबर
मिस शेखने विचारले, पुण्याहून माझ्या नावाने काही टपाल? मी नाही म्हणालो. हे खोटे नव्हे. त्या क्षणी माझ्या हातात खडू होता, पत्र नव्हते.

५ जानेवारी १९७३
यंदा मेव्हण्याने डायरी दिली नाही. गेल्या वर्षीच्या डायरीत पुष्कळ पाने कोरी आहेत, त्याच वापरतो. नवे संकल्प करण्याची गरज नाही, जुने जवळजवळ न वापरलेले आहेत.
मिस शेखने पुन्हा टपालाबद्दल विचारले. मागे लागण्याची सवय वाईट.

११ जानेवारी
दुष्काळी कामावर प्राध्यापकांची ड्यूटी लागली. मी आणि वीस विद्यार्थी, सुप्याच्या अलीकडे, खडीच्या ढिगांची मापे घ्यायला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तीनेकशे माणसे एका ठिकाणी बसलेली दिसली. एवढा श्रोतृवर्ग मला कधी मिळाला नव्हता. ढिगावर उभा राहिलो आणि कॉस्मिक किरण हा विषय सोप्या भाषेत घेतला. पाऊण तास. मुकादमाला सांगितले होते की कोणाला उठू देऊ नका, उठले की मागच्यांना दिसत नाही.
माणसे सारखी रस्त्याकडे बघत होती. मला वाटले, कंटाळली असतील, म्हणून आवाज वाढवला. शेवटी झुंबरबाई नावाची एक म्हातारी उभी राहिली.
"मास्तर, तुमच्या त्या ढगात पानी हाय का? न्हाई ना. मग सोडा आमाला. त्यो टँकर चाल्ला."
मी सांगितले की ढगात हायड्रोजन आहे आणि पाण्याचे तीन अणू धरले तर दोन हायड्रोजनचेच असतात, म्हणजे बरेचसे काम झालेले आहे. हे सांगेपर्यंत टँकर निघून गेला. ड्रायव्हरला पुढच्या गावाची वेळ गाठायची होती म्हणे. पुढचा टँकर दुसऱ्या दिवशी.
सगळी परत खडी फोडायला गेली. विषय त्यांच्या मनात खोल गेला असावा.

१२ जानेवारी
विद्यार्थ्यांनी माझ्याबरोबर एकाच ट्रकमध्ये बसायला नकार दिला. केबिन मला मोकळी मिळाली. आदर.

१६ जानेवारी
काल पंधरा तारीख होती असे आज लक्षात आले. एक ओझे उतरल्यासारखे वाटले. कशाचे ते कळले नाही.

१९ जानेवारी
कारभारीकडून कळले की मिस शेखचे लग्न श्रीरामपूरला ठरतेय. मुलगा सिमेंटच्या दुकानात. पुण्याहून काहीच आले नाही तेव्हा तिने घरी हो म्हणून टाकले. उत्तम. सर्वांच्याच दृष्टीने सोयीचे.

२८ जानेवारी
हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून चांगुणाने कपाटाच्या फळ्यांवरचे कागद बदलले. मला न विचारता.
मी कॉलेजातून आलो तेव्हा घराला कुलूप. पाण्याच्या वारी ही बाहेर कुठे जात नाही. आज रांग सोडून गेली होती. साडेपाचला आली, पाय धुळीने भरलेले. इंग्रजी सातवीपर्यंतच शिकली आहे, पण पाकिटावरचे नाव वाचण्याइतके पुरे झाले. सावेडीच्या रस्त्याने झेंडीगेटपर्यंत चालत जाऊन पत्र देऊन आली.
मी म्हणालो, मी देणारच होतो. ती म्हणाली, "अहो, दुसऱ्याच्या नावाचं पत्र तुम्ही आपल्या घरात ठेवलंत. माझ्या घरात." एवढेच. मग म्हणाली की मुलीने दारातच वाचले, दोनदा वाचले, आणि मग हिला आत नेऊन आधी पाणी दिले.
बायका आल्या, वाण घेऊन गेल्या. मला चहा मिळाला नाही.

२९ जानेवारी
मिस शेख नेहमीप्रमाणे वेळेवर आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. विचारले, पत्र कधी आले होते. डिसेंबरच्या मध्यात, मी म्हणालो. लपवण्यासारखे काही नव्हते.
"मला एवढंच विचारायचं होतं, सर, की तुम्ही ते वाचलं होतं का."
हेड या नात्याने वाचले होते, असे सांगितले. तिने मान हलवली आणि प्रॅक्टिकलची मांडणी करायला गेली. सगळ्या टेबलांवरची उपकरणे लावली, वजने पुसली, आणि मग आजच्या तारखेचा राजीनामा ऑफिसात देऊन घरी गेली.
तक्रार केली नाही. म्हणजे पटले.

३१ जानेवारी
बाबाजान घड्याळजी कॉलेजात आले. टोपी हातात. बसा म्हटले तर बसले नाहीत. मला वाटले, मुलीच्या वतीने माफी मागायला आले असतील.
"सर, लोक माझ्याकडं घड्याळं टाकून जातात. दोन-दोन वर्षं न्यायला येत नाहीत. तरी काम झाल्यावर मी त्यांच्या डब्या उघडून बघत नाही, दुसऱ्याला देत नाही, न् आपल्या हातावर बांधत नाही. माझं शिक्षण चौथी झालंय."
मी म्हणालो, हा धंद्यातला चोखपणा स्तुत्य आहे. माझे मनगटी घड्याळ हल्ली मागे पडते, ते पाठवून देतो.
त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "नका पाठवू." आणि गेले.
व्यवसायात एवढा ताठा बरा नव्हे.

९ फेब्रुवारी
बाप-लेक पुण्याला जाऊन आले. कारभारीकडून कळले. फेलोशिप दुसऱ्याला देऊन झाली आहे. तो दाढीवालाच, म्हणे. डॉ. निसळांनी वाईट वाटून घेतले आणि तिला वर्षभरासाठी हंगामी जागा दिली, दुसऱ्यांच्या संशोधनाची आकडेमोड करून द्यायची. फेलोशिपचे पुढच्या वर्षी बघू म्हणाले. ती पुण्याला जाणार हे ऐकून श्रीरामपूरच्या लोकांनी सोयरीक मोडली.
म्हणजे फेलोशिपही गेली आणि लग्नही गेले. माझ्या हाताखाली राहिली असती तर यातले काहीच झाले नसते.
एक वर्ष वाया गेले म्हणून कारभारी हळहळत होता. त्याला सांगितले की ताऱ्यांच्या हिशोबात एक वर्ष म्हणजे काहीच नाही. तो म्हणाला, "पोरीच्या हिशोबात हाय, सर."

१६ फेब्रुवारी
मिस शेखचा निरोप समारंभ. मी पन्नास मिनिटे बोललो. माझ्या मार्गदर्शनाचे टप्पे सविस्तर सांगितले. श्रोत्यांत चांगुणा होती. तिला बोलावणे कोणी केले माहीत नाही, मी केले नव्हते.
मिस शेख दोनच मिनिटे बोलली. कारभारीमामांचे आभार, त्यांनी दोन वर्षे प्रॅक्टिकलचा स्टोव्ह पेटवून दिला. म्हस्केकाकूंचे आभार, त्या पायी आल्या. मग बसली. माझे राहून गेले. गडबडीत होते असे.
माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर तिला पोचवायला चांगुणा गेली. मी जाणार होतो, पण ऊन होते.

१२ मार्च
नवीन डेमॉन्स्ट्रेटर मिळेपर्यंत प्रॅक्टिकल मीच घ्यायचे, असा प्राचार्यांचा आदेश. आज वर्णपटमापी लावायला घेतला. साडेतीन तासांत एक रेघ दिसली. विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की ती काचेवरची चीर आहे.

१३ मार्च
प्रॅक्टिकल रद्द. पाणीटंचाईमुळे, असे नोटीस बोर्डावर लावले. वर्णपटमापीला पाणी लागत नाही, हे कोणीतरी खाली पेन्सिलीने लिहिले आहे.

३० एप्रिल
चांगुणा माझ्याशी बोलते, पण कामापुरते. पीठ संपलं. टँकर आला. सरका. घरात शांतता असल्यामुळे चिंतनाला वेळ मिळतो. आज दुपारी चिंतन करताना चार वाजता जाग आली.

२५ जून
पुण्याच्या संस्थेचे पाकीट. या वेळी नाव बरोबर: विभागप्रमुख, पदार्थविज्ञान. मिस शेखच्या हिशोबावरून आता रीतसर संशोधन सुरू होणार आहे, पुढच्या वर्षाच्या फेलोशिपसाठी तिचा विचार चालू आहे, तेव्हा जुन्या विभागप्रमुखांनी सोबतचा फॉर्म भरावा. नोकरीचा काळ, वर्तणूक वगैरे किरकोळ रकाने. आणि सातवा रकाना: उमेदवाराच्या संशोधनकार्यात आपला सहभाग, थोडक्यात लिहावा.
शेवटी विचारलेच. डॉ. निसळ सौम्य आहेत, पण न्यायी आहेत. चांगुणाला रकाना वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले.
उशीर नको म्हणून फॉर्मवर आधीच सही करून, शिक्का मारून तो सहादेवकडे दिला. किरकोळ रकाने सर्व्हिस बुकातून त्याने भरावेत. सातव्यासाठी मी स्वतंत्र पुरवणी लिहितो.

२६ जून
पुरवणीची चार फुलस्केप पाने झाली. अजून कल्पना सुचल्याच्या पहाटेपर्यंतच आलो आहे.

२८ जून
नऊ पाने. पुण्याच्या परिषदेचा भाग तीनदा लिहून काढला. लाल शाईबद्दल एक परिच्छेद घातला होता, तो काढला. मग पुन्हा घातला.

२९ जून
अकरा पाने. पक्की प्रत, सुवाच्य अक्षर. आज खरोखरच पाचला उठलो.

३० जून, दुपार
पुरवणी घेऊन ऑफिसात गेलो. सहादेव म्हणाला, फॉर्म तर मंगळवारीच रजिस्टरने गेला, तुम्हीच म्हणालात उशीर नको.
मी विचारले, सातव्या रकान्यात काय लिहिलेस.
"तिथं छापलेलं होतं, सर, लागू नसल्यास रेघ मारावी. मला वाटलं, लागू न्हाई."
फाइलमधून कार्बन कॉपी काढून घेतली. खिडकीशी नेऊन पाहिली. रेघ सरळ आहे, पट्टीने मारलेली. खाली सही माझी आहे.